फोर्ट ऑगस्टस, मु. पो. मालवण

सिंधुदुर्ग किल्ल्याचं नाव एके काळी 'फोर्ट ऑगस्टस' होतं. जेमतेम वर्षभर होतं, पण होतं. मालवणला जाऊन आलेल्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. किल्ल्यावर गेलं की दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघायच्या, शिवराजेश्वराच्या देवळात डोकं टेकवायचं, महाराजांच्या हातापायांचे ठसे बघायचे, तोवर होडीवाला हाका मारायला लागतो. शिवकाळातून अठराव्या शतकापर्यंत पोचायला वेळ उरतोच कुठे?

मला मात्र मालवणच्या इतिहासातला हाच भाग जास्त ओढतो. त्याचं कारण असं. पेपरात आपण अधूनमधून वाचतो की अमुक देशाच्या जहाजावर परक्या समुद्रात हल्ला झाला, तमुक ठिकाणी कुणाचा दूतावास फोडला, मग त्या देशाने 'तीव्र शब्दांत निषेध' नोंदवला, राजदूताला बोलावून घेतलं, नुकसानभरपाई मागितली. पुढे काय झालं ते सहसा छापून येत नाही. म्हणजे भरपाई मिळाली का, किती मिळाली, आणि मुख्य म्हणजे पैशांच्या ऐवजी दुसरंच काही पदरात पाडून घेतलं का. मालवणच्या बाबतीत हे 'पुढे काय झालं' जवळजवळ पन्नास वर्षांचं सलग बघायला मिळतं. तक्रार दर वेळी तीच : मालवणच्या गलबतांनी आमची जहाजं लुटली. तक्रार करणारीही तीच, ईस्ट इंडिया कंपनी. पण १७६५, १७९२ आणि १८१२ अशा तीन वेळी तिने मागितलेली भरपाई बघा. आमच्या ऑफिसच्या भाषेत बोलायचं तर टिकेट एकच, रिझोल्यूशन तीन.

पण त्याआधी शंभर वर्षं मागे आणि थोडं उत्तरेला, राजापूरला जायला हवं. हाच खेळ तिथे उलट्या बाजूने खेळला गेला होता आणि तो माहीत नसेल तर मालवणच्या गोष्टीतलं निम्मं हुकतं.

१६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता, शिवाजी महाराज आत अडकले होते. त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन आपले साथीदार घेऊन हजर झाला आणि इंग्रजी निशाण लावून त्यांनी गडावर तोफगोळे डागले. कंपनी व्यापारी, तटस्थ वगैरे. महाराज तिथून निसटले आणि पुढच्याच वर्षी, १६६१ च्या मार्चमध्ये, त्यांनी राजापूर घेतलं, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. जवळजवळ दोन वर्षं ही मंडळी कैदेत होती. त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांना गयावया करणारी, मग चिडलेली पत्रं लिहिली. सुरतेहून आलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, आपलं निशाण घेऊन पन्हाळ्याला गोळे फेकायला गेला होतात, आता भोगा! कुठल्याही मोठ्या कंपनीत काम केलेल्या माणसाला हा सूर ओळखीचा वाटेल.

गंमत पुढे आहे. माणसांच्या बाबतीत हात झटकणाऱ्या याच कंपनीने मालाच्या बाबतीत मात्र पुढची तेरा वर्षं चिकाटी सोडली नाही. १६६८ मध्ये मुंबई बेट तिच्या ताब्यात आलं आणि समोरच्या किनाऱ्यावरचा राजा म्हणून महाराजांशी जमवून घेणं भाग पडलं. १६७२ मध्ये उस्टिक गेला, १६७३ मध्ये निकल्स गेला, आणि शेवटी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर पोचला. शाळेच्या पुस्तकात हा ऑक्झिंडेन राज्याभिषेकाचा साक्षीदार म्हणून येतो. तो खरं तर वसुलीला आला होता. राजापूरच्या नुकसानीपोटी १०,००० होनांवर तडजोड झाली आणि त्यातही बरंचसं रोख नव्हतं, मालात आणि जकातीच्या सवलतीत वळतं व्हायचं होतं.

इंग्रजांनी आणखी एक कलम पुढे केलं होतं. वादळात आमचं जहाज फुटून तुमच्या किनाऱ्याला लागलं तर जहाज आणि माल आम्हाला परत मिळावा. ऐकायला किती साधं. महाराजांनी नकार दिला. किनाऱ्याला लागलेलं जहाज राजाचं, हा कोकणचा जुना रिवाज आहे. तुम्हाला सवलत दिली तर फ्रेंच आणि डच उद्या दारात उभे राहतील. माणसांना मदत करू, मालाचं बोलू नका. तह झाला, मैत्री झाली, पण या कलमावर महाराज हलले नाहीत. मला हा नकार राज्याभिषेकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तुमच्यावर भरपाईचा दावा लावणाऱ्यासमोर बसून तुम्ही कुठल्या कलमाला 'नाही' म्हणू शकता, यावर तुम्ही कोण आहात ते ठरतं.

यानंतर साधारण चाळीस वर्षांनी, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. ते लिहिलं गेलं करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी. मालवण कोल्हापूरकरांकडेच होतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं. त्यात टोपीकरांबद्दल स्पष्ट इशारा आहे. हे नुसते सावकार नाहीत, यांच्यामागे राजे आहेत. त्यांना वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत कुठेतरी मोठ्या गावाजवळ द्यावी, आणि पक्की बांधकामं करू देऊ नयेत. म्हणजे पुढे जे घडलं त्याचा इशारा घरातच लिहून ठेवलेला होता.

१७५६ साली विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. ते जाळायला इंग्रजांकडून वॉटसन आणि क्लाइव्ह होते, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज होती. त्या दुर्दैवी युतीवर मराठीत पुष्कळ लिहून झालंय, मी भर घालत नाही. आपल्या गोष्टीपुरतं एवढंच, की कोकणच्या दर्यावरचा सगळ्यात मोठा खेळाडू गेला आणि इंग्रजांच्या कागदपत्रांत दक्षिणेकडच्या दोन छोट्या खेळाडूंची नावं वारंवार यायला लागली : मालवणचे कोल्हापूरकर आणि त्यांच्या खालचे वाडीकर सावंत. इंग्रजांनी 'मालवणी' या अर्थाचा शब्द सरळ दर्यावरचे लुटारू अशा अर्थानेच वापरायला सुरुवात केली.

आता इथे दोन्ही बाजूंनी भावना भडकतात, म्हणून थोडं थांबतो. मालवणची गलबतं जहाजं लुटत होती का? होय. त्या जहाजांवर कंपनीच्या निशाणाखाली व्यापार करणाऱ्या देशी व्यापाऱ्यांचाही माल असे, तेव्हा हा निव्वळ स्वातंत्र्यलढा होता असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण ही चाचेगिरी होती का? दर्यावर आपल्या हद्दीतून जाणाऱ्याने आपला परवाना घ्यायचा, नाही घेतला तर जहाज जप्त, हा नियम पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी आणला. त्यांचा तो 'कार्ताझ'. मराठ्यांचं तेच 'दस्तक'. इंग्रजही मुंबईहून स्वतःचे परवाने देत. तोच धंदा पोर्तुगिजांनी केला तर हक्क, कंपनीने केला तर बंदोबस्त आणि कोल्हापूरने केला तर दरोडा!

आजच्या आंतरराष्ट्रीय समुद्री कायद्यात चाचेगिरीच्या व्याख्येत एक अट आहे : कृत्य 'खासगी हेतूसाठी' केलेलं असलं पाहिजे. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने सोमाली चाच्यांच्या ताब्यातलं 'रुएन' हे मालवाहू जहाज सोडवलं, १७ खलाशांची सुटका केली आणि ३५ चाच्यांना आयएनएस कोलकातावरून मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. तिथे व्याख्येचा प्रश्न नव्हता. ती टोळीच होती. मालवणची गलबतं मात्र एका गादीवर बसलेल्या छत्रपतींची होती, आणि तक्रारदार होती भागधारक असलेली, लाभांश वाटणारी एक खासगी कंपनी. खासगी कंपनी एका राज्याच्या आरमाराला खासगी लुटारू म्हणते आहे, यातला विनोद त्या काळी कुणाला दिसला असेल का, कोण जाणे.

तर १७६५. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स क्रॉमेलिन. कोल्हापुरात कारभार होता जिजाबाई राणीसाहेबांच्या हाती. संभाजी महाराज १७६० मध्ये वारले, पेशव्यांनी कोल्हापूरचं राज्य आपल्यात जिरवायचा घाट घातला, बाईंनी तो मोडून काढला आणि १७६२ मध्ये दत्तक घेऊन मुलाचं नाव शिवाजी ठेवलं. मूल लहान, पेशवे टपलेले, पटवर्धन दाराशी, आणि उत्पन्नाच्या ज्या काही मोजक्या वाटा होत्या त्यातली एक म्हणजे मालवणचा दर्या. जानेवारी १७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि बॉम्बे मरीनचा कॅप्टन वॉटसन (हा विजयदुर्गवाला अ‍ॅडमिरल नव्हे, आडनाव तेच) मोहीम घेऊन आले आणि सिंधुदुर्ग घेतला. याच मोहिमेत सावंतांचं रेडीही घेतलं. १६६४ साली पायाभरणी झाल्यापासून शंभर वर्षांत ज्या किल्ल्याला कुणी हात लावू शकलं नव्हतं, त्याच्यावर युनियन जॅक चढला आणि फोर्ट ऑगस्टस असं बारसं झालं.

मग मुंबईत हिशेबाला बसल्यावर लक्षात आलं की किल्ला ठेवायचा तर परवडत नाही. दोन मैलांच्या आसपास तटबंदी, चहूबाजूंनी समुद्र, भोवती खडक. एवढ्या तटावर माणसं ठेवायची म्हणजे खर्च भारी आणि उत्पन्न शून्य. बरं, पाडून टाकावा तर पाडायलाही परवडत नाही, इतकं काम भक्कम. (हिरोजी इंदुलकरांना दाद द्यावी ती इथे. आपल्या बांधकामाने शत्रूला शंभर वर्षांनंतर हिशेबात हरवणं हे थोरच.) तेव्हा कंपनीने व्यापाऱ्याला शोभेल असाच निर्णय घेतला. जिनसेला गिऱ्हाईक एकच होतं, मूळ मालक. १७६६ च्या जानेवारीत जिजाबाईंशी तह झाला. कोल्हापूरने काही लाख रुपये द्यायचे, पुढे कंपनीच्या व्यापाराला त्रास देणार नाही असं कबूल करायचं, आणि किल्ला परत घ्यायचा. फोर्ट ऑगस्टस पुन्हा सिंधुदुर्ग झाला.

जिजाबाईंनी सौदा वाईट केला असं मला वाटत नाही. पैसे गेले, पण जागा, बंदर आणि आरमार तिन्ही राहिलं. पैसे पुन्हा मिळवता येतात. शेजारच्या सावंतांनी काय केलं ते बघा म्हणजे फरक कळेल. त्यांच्याकडे रोकड कमी, म्हणून त्यांनी वेंगुर्ला बंदर १३ वर्षांसाठी कंपनीकडे गहाण टाकलं. उत्पन्नातून कंपनीने आपले पैसे वसूल करून घ्यायचे. आणि गहाणाचं जे होतं तेच झालं. वसुली अपुरी झाली, मुदत संपली तरी कंपनी जागा सोडेना, आणि १७८० मध्ये सावंतांनी सरळ हल्ला करून वेंगुर्ला परत घेतलं. म्हणजे हल्ल्याची भरपाई म्हणून घेतलेली जागा हेच पुढच्या हल्ल्याचं कारण झालं! आपल्याकडच्या कितीतरी भावकीच्या जमिनींच्या भानगडी अशाच वाढत गेलेल्या आहेत.

मालवणचं जुनं चक्रही पुन्हा सुरू झालं होतं. जिजाबाई १७७३ मध्ये गेल्या. शब्द पाळला गेला नाही, किंवा कोल्हापूरच्या बाजूने बघितलं तर पाळणं परवडलं नाही. पटवर्धनांशी आणि शेजाऱ्यांशी लढाया चालूच होत्या आणि त्यांचा खर्च कुठून तरी निघायला हवा होता. १७९२ मध्ये मुंबईने पुन्हा मोहीम काढली तेव्हा कोल्हापूरने तह केला. या वेळच्या अटी बघा. १७८५ पासून व्यापाऱ्यांचं जे नुकसान झालं त्याची भरपाई. हे जुनंच. त्याशिवाय मालवणला वखार घालायची परवानगी. शिवाय कोल्हापुरातही वखार.

मालवणला वखार. समुद्रकाठी, बंदराच्या तोंडावर. आज्ञापत्रात अमात्यांनी बरोबर हेच करू नका म्हणून सांगितलं होतं, आणि ज्या गादीसाठी सांगितलं त्याच गादीने पाऊणशे वर्षांनी ते लिहून दिलं. दरबारात तेव्हा कुणाला ते कलम आठवलं असेल तर त्याचं काय झालं असेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आठवलं तरी काय करणार होता म्हणा. समोर मोहीम उभी असताना जुना ग्रंथ काढून वाचून दाखवायला धाडस लागतं.

१७९२ ते १८१२ या वीस वर्षांत जग बदललं. टिपू गेला, दुसऱ्या युद्धात शिंदे-होळकर नमले, पेशवा वसईच्या तहाने कंपनीच्या खिशात गेला, १८१० च्या अखेरीस मॉरिशस फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलं आणि हिंदी महासागरात कंपनीला धाक वाटावा असं कुणी उरलं नाही. पुण्याच्या रेसिडेन्सीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन बसला होता. कोल्हापूरची अवस्था तर बिकटच होती. शेजाऱ्यांशी लढून राज्य थकलेलं आणि पेशव्याचे दावे डोक्यावर. १ ऑक्टोबर १८१२ च्या तहात कंपनीने बंदरच मागितलं. सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट, त्यांच्याखालच्या जमिनीसह, कायमचे. बदल्यात काय? बाकीच्या राज्यावर परक्यांचा हल्ला झाला तर कंपनी राखण करील. आणि दुसऱ्या राज्यांशी भांडण झालं तर कोल्हापूरने लढायचं नाही, निवाडा कंपनी देईल. त्याच सुमारास सावंतांकडून वेंगुर्लाही कायमचं गेलं.

त्या तहातलं एक कलम मी पुन्हा पुन्हा वाचतो. कोल्हापूरच्या राजाने लढाऊ जहाज बाळगायचं नाही, आणि आपल्या ताब्यातल्या कुठल्याही बंदरात कुणाचंही हत्यारबंद जहाज सजू द्यायचं नाही की येऊ द्यायचं नाही. कंपनीला झडतीचा अधिकार. १६७४ मध्ये फुटक्या जहाजाच्या मालावरूनही 'नाही' म्हणणाऱ्या घराण्याची ही शाखा. लूट थांबवायची एवढाच हेतू असता तर याची गरज होती का, असं विचारावंसं वाटतं. पण १७६६ पासून दोनदा शब्द मोडलेला होता, त्यामुळे कंपनीकडे उत्तर तयार होतंच. भरपाई मागून झाली, वखार मागून झाली, आता हत्यारच द्या. तक्रारदाराच्या फायलीत जुनी मोडलेली वचनं जितकी जास्त, तितकं नवं कलम 'वाजवी' दिसतं.

मालवणला ही अंमलबजावणी करायला छोटी फौज घेऊन आला कर्नल लायोनेल स्मिथ. हे नाव ओळखीचं वाटत नसेल, पण तीन वर्षांपूर्वी, १८०९ मध्ये, हाच स्मिथ इराणच्या आखातात रास अल-खैमावर उतरला होता. तिथले कासिमी अरब कंपनीची जहाजं लुटतात, ते चाचे आहेत, हीच तक्रार. तिथेही एका हल्ल्याने भागलं नाही, १८१९ मध्ये पुन्हा मोहीम गेली आणि १८२० मध्ये तिथल्या शेखांशी सर्वसाधारण सागरी तह झाला. शारजा म्हटलं की आपल्या पिढीला १९९८ चा सचिन आठवतो. पण तिथले राज्यकर्ते त्याच कासिमी घराण्याचे. शेख सुलतान अल-कासिमी यांनी इंग्लंडमध्ये डॉक्टरेट केली आणि १९८६ मध्ये पुस्तक छापून मांडलं की आखातातल्या अरबांची चाचेगिरी ही कंपनीने रचलेली दंतकथा आहे. त्यांचं सगळंच पटावं असं नाही. इतिहासकारांनी त्यावर बरेच वादही घातलेत. पण ज्याच्या पणजोबांना चाचे म्हटलं गेलं, त्याने मुंबईच्या दप्तरखान्यातले तेच इंग्रजी कागद घेऊन उलट बाजू मांडायला बसणं, हे मला फार आवडलं. आपल्याकडे मालवणबद्दल असं कुणी बसलंय का? पोवाड्याचा सूर सोडून, लुटलेल्या जहाजांची, त्यांच्या मालकांची आणि परवान्यांची यादी करून? गाबितांच्या घराघरांतून दर्यावर्दी पूर्वजांच्या गोष्टी आहेत, मुंबईच्या दप्तरखान्यात कागद आहेत. दोन्ही एकत्र ठेवून बघणारं कुणीतरी हवंय. शनिवार-रविवारी होण्याइतकं हे काम छोटं नाही, नाहीतर मीच पदर खोचला असता :-)

जाता जाता कोल्हापूरच्या त्या दत्तक मुलाबद्दल. शिवाजी महाराज करवीरकर गादीवर आले १७६२ मध्ये, वारले १८१३ च्या एप्रिलमध्ये. मालवणचे तिन्ही तह त्यांच्याच नावाच्या राज्यात झाले. पहिल्या वेळी ते लहान होते, आईसाहेबांनी पैसे मोजून किल्ला परत आणला. शेवटच्या वेळी पन्नाशी उलटलेली होती, आणि किल्ला दिल्यानंतर ते सहा-सात महिनेच जगले.